जनरेटरची वीज उलटी खांबावर चढते तेव्हा

संपादक महोदय,

लाइनमन म्हणून मी ३१ वर्षे खांबावर काम केले. निवृत्त झालो तरी वादळात वीज गेली आणि जनरेटरचा आवाज कानावर आला की आजही मन थाऱ्यावर राहत नाही.

एका रात्री आम्ही तिघे ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, तुटलेली तार जोडायला गेलो होतो. खांबावरचा, लाइन तोडणारा एबी स्विच ओपन करून कुलूप लावले, लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद असल्याची आणि कामाची परवानगी, घेतला. सोबती लगेच चढायला निघाला. आधी डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीशी जोडणारा दांडा, टाकू, म्हणून मी त्याला थांबवले. रॉड तारेला टेकताच निळी ठिणगी उडाली आणि त्याच क्षणी पलीकडे कुठेतरी जनरेटरचा आवाज बसला. जाऊन पाहिले, तर दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर, एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरे घरातल्या भिंतीच्या सॉकेटमध्ये. मेन स्विच बंद करायचा राहून गेला होता. त्या गृहस्थांच्या मनात काही वाईट नव्हते. अंधारात, घाईत माणूस विसरतो.

छोट्या जनरेटरच्या २३० व्होल्टने लाइनवर काय होणार, असे पुष्कळांना वाटते. पण ११ हजार व्होल्टचे ४३३ करणारा ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. खालून वीज मिळाली की तो तिचे हजारो व्होल्ट करून वरच्या तारांवर सोडतो. पूर्ण वस्तीचा भार आला, तर जनरेटर बहुधा बंद पडतो. त्या ट्रान्सफॉर्मरवर मात्र दोन-चारच घरे होती, म्हणून जनरेटर निवांत चालत राहिला होता.

‘आम्ही आठवणीने मेन बंद करतो’ हे उत्तर मी असंख्य वेळा ऐकले आहे. माणसाच्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव टांगून ठेवता येत नाही. जनरेटर घ्याल त्याच दिवशी चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्याचा दांडा एका बाजूला केला की लाइनची वीज, दुसऱ्या बाजूला जनरेटरची, मधे दोन्ही बंद. दोन्ही एकत्र जोडलेच जाणार नाहीत, अशी त्याची बांधणीच असते. थ्री फेज असेल तर चार पोलचा घ्या, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. शेजारीशेजारी दोन एमसीबी लावणे म्हणजे चेंजओव्हर नव्हे. छतावरचा, लाइनशी जोडलेला सोलर इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःहून थांबतो; पण त्याला बॅटरीची जोड असेल, तर वीज गेल्यावर घर लाइनपासून कशाने तुटते, हे बसवणाऱ्याकडून समजून घ्या.

लाइनवरच्या तरुण मुलांना एकच सांगणे : अर्थिंग, म्हणजे तारा जमिनीशी जोडणे, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना करा. वीज फक्त सबस्टेशनकडूनच येते, असे धरून चालू नका. आणि वायरमन बंधूंनो, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर कोणी कितीही गळ घालून मागितली, तरी करून देऊ नका.

– एक निवृत्त लाइनमन