रविवारच्या पानावर उड्डाणाचं गणित छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि आमच्या त्रिमूर्तीनगरात घरोघरी कॉम्प्युटरवरची विमानं पुन्हा उडू लागली. कुणाकडे मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, कुणाकडे एक्स-प्लेन, ज्याला विकत घेणं जमत नाही त्याच्याकडे मोफत मिळणारा फ्लाइटगिअर. मी शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर हा छंद स्वतः लावून घेतला, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे पालक मलाच गाठतात. "मॅडम, पोट्टा नवीन विमानासाठी हटून बसलाय. सहा हजाराचं आहे म्हणतो. घेऊन देऊ का?" हे उत्तर एकेकाला फाटकाशी उभं राहून देण्यापेक्षा आपल्या दैनिकातून सगळ्यांना द्यावं आणि त्याच निमित्तानं आपल्याकडेही काही मागावं, म्हणून हे पत्र.

पालकांना माझं उत्तर असं: आत्ता घेऊ नका. आधी त्याला नागपूर ते मुंबई या एका उड्डाणाचा आराखडा कागदावर करून दाखवायला सांगा. तो नीट जमला की मग विमानाचं बघा.

सिम्युलेटरला वरून जोडायचं विमान, विमानतळ, हवामान किंवा नकाशे, या सगळ्यांना मुलं ॲड-ऑन म्हणतात. त्यातली काही विमानं खरोखर अप्रतिम असतात. कॉकपिटमधलं एकेक बटण चालतं, आणि एवढ्या मेहनतीची किंमत मागणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण नागपूरच्या आकाशात रोज दिसणारं एअरबस ए-३२०निओ तर फुकट मिळतं. फ्लायबायवायर नावाच्या गटातल्या स्वयंसेवकांनी ते मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी तयार केलं आहे, त्याचा सोर्स कोडही खुला आहे आणि शिकणाऱ्याला ते पुरून उरतं. असं असताना बर्डीच्या बाजारातून पेन ड्राइव्हमध्ये चोरीची ॲड-ऑन भरून आणायची काहीच गरज नाही. ती चोरी आहे, आणि मुलाच्या हातात आपण ती स्वतः देतो याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या गल्लीतला नववीतला एक मुलगा परवा मला आपलं ए-३२० दाखवत होता. हात सफाईदार, उड्डाण सुरेख. मी विचारलं, "मुंबईला जायला इंधन किती लागेल रे?" तो म्हणाला, "टाकी फुल आहे ना मॅडम." मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. या विमानाच्या टाकीत सुमारे १९ टन इंधन मावतं. रिकामं विमान ४४ टनांच्या आसपास, प्रवासी आणि सामान १६ टन धरू. झाले ७९ टन. मुंबईपर्यंत जेमतेम तीन टन जळणार, म्हणजे उतरताना वजन ७६ टन. आणि या विमानाला उतरताना कमाल ६७.४ टनांचीच मुभा! टाकी पूर्ण भरलेलं आणि माणसांनी भरलेलं ते विमान मुंबईला नियमानं उतरूच शकत नाही. तो कितीतरी वेळ त्या बेरजेकडे बघत राहिला. मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे कमी भरायचं. पण किती कमी?"

हा प्रश्न एकदा पडला की मूल शिकायला लागतं. धावपट्टीपर्यंत जाण्याचं इंधन, प्रवासाचं इंधन, त्याच्या पाच टक्के अडीअडचणीसाठी, मुंबईला उतरता आलं नाही तर अहमदाबादसारख्या पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि वर १५०० फुटांवर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरती राखीव गंगाजळी. पावसाळ्यातल्या मुंबईला जाणाऱ्यानं यावर आणखी थोडं स्वखुशीनं घ्यावं. शेकडेवारी आणि काळ-वेग-अंतर यांपलीकडे यात काहीही नाही, आणि ही दोन्ही गणितं त्याला वर्गात रटाळ वाटतात.

उंचीचंही तसंच. पश्चिमेकडे जाणाऱ्यानं सम हजार फूट धरायचे, ३२, ३४, ३६. पूर्वेकडे परतताना विषम, ३३, ३५, ३७. समोरासमोरची विमानं एका पातळीवर येऊ नयेत म्हणून केलेली ही सोय पाचवीतल्या मुलालाही कळते.

आपलं नागपूर तर या अभ्यासासाठी फार गुणी गाव आहे. इथल्या सोनेगाव विमानतळाची धावपट्टी ३२०० मीटर लांब, तिच्या दोन टोकांचे क्रमांक १४ आणि ३२, म्हणजे होकायंत्रावरचे १४० आणि ३२० अंश. समजा पश्चिमेकडून, २७० अंशांवरून, २० नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) वारा आहे आणि तुम्ही ३२ वर उतरताय. मधला कोन ५० अंशांचा. साइन ५० म्हणजे ०.७६६, तेव्हा आडवा वारा १५ नॉट. कोसाइननं समोरचा वारा निघतो १३ नॉट. त्रिकोणमिती कशासाठी शिकायची, असं विचारणाऱ्या दहावीच्या वर्गासमोर मी हे उदाहरण कधीच ठेवू शकले नाही, कारण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. आजच्या शिक्षकांनी जरूर ठेवावं.

आणि आपला मे महिना! सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. पण पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या पंखांना आणि इंजिनाला आपण पाच हजार फुटांच्या आसपास आहोत असंच वाटतं. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या किंचित खाली, म्हणजे भर उन्हात सोनेगावहून निघणारं विमान महाबळेश्वरच्याही वरून निघाल्यासारखं वागतं. सिम्युलेटरमधलं छोटं सेसना १७२ घ्या, चार माणसं बसवा, एकदा जानेवारीच्या पहाटे आणि एकदा मेच्या दुपारी उडवा. धावपट्टीवरची धाव किती लांबते आणि वर चढताना विमान किती रेंगाळतं ते डोळ्यांनी दिसतं.

साधनं म्हणाल तर बहुतेक फुकट आहेत. सिमब्रीफ हे संकेतस्थळ इंधनासकट पूर्ण आराखडा करून देतं. लिटल नॅवमॅप या प्रोग्रॅममध्ये नकाशावर मार्ग आखता येतो. भारतीय विमानतळ प्राधिकरण आपल्या विमानतळांचे अधिकृत तक्ते इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचायला ठेवतं. ही माहिती जगभर दर २८ दिवसांनी नव्यानं लागू होते. सिमब्रीफमध्ये तिची ताजी आवृत्ती हवी असेल तर वर्गणी घ्यावी लागते, घरच्या अभ्यासाला जुनी चालते. मात्र मुलांनी आधी हातानं हिशेब करावा आणि मग सिमब्रीफशी ताडून पाहावा, हा माझा आग्रह आहे. यंत्रानं दिलेला आकडा बरोबर असतो, पण तो कुठून आला हे ज्याला सांगता येत नाही त्याला उड्डाण समजलेलं नाही.

एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी. घरच्या सिम्युलेटरवरचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, धरत नाही. कुणी शिकवणीवाला तसं सूचित करून फी मागत असेल तर देऊ नका.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही एक सांगावंसं वाटतं. सिम्युलेटरमधले बरेचसे विमानतळ ठरावीक साच्यातून आपोआप उभे राहिलेले असतात, त्यात आपल्या गावाची ओळख पटत नाही. एक्स-प्लेनमध्ये वर्ल्ड एडिटर या मोफत साधनानं विमानतळ बांधून त्यांच्या सीनरी गेटवे या संकेतस्थळावर देता येतो आणि पसंत पडला तर तो मूळ सिम्युलेटरमध्ये सगळ्यांना मिळतो. विदर्भातल्या छोट्या धावपट्ट्या कुणी अशा नीट बांधल्या तर ते ॲड-ऑन मी सगळ्यात आधी उतरवून घेईन.

आता आपल्याकडचं मागणं. संपादक महोदय, आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर शब्दकोडं असतं, चित्र रंगवा असतं. तिथे दर आठवड्याला उड्डाणाचं एक गणित छापा. कॉम्प्युटर नसलेल्या मुलालाही ते पेन्सिलीनं सोडवता येईल, आणि ज्याच्याकडे आहे तो उडवून पडताळून पाहील. गणितं मी विनामूल्य देईन.

विषय शोधायला लांब जायला नको. १९४९ मध्ये देशात रात्रीची विमानटपाल सुरू झाली तिचं केंद्र नागपूर होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं रात्री सोनेगावला यायची, इथे पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. माझे वडील टपाल खात्यात होते. रात्रपाळी करून घरी आले की त्यांच्या सदऱ्याला तागाच्या पिशव्यांचा वास यायचा, आणि आज कुठलं विमान उशिरा आलं ते आईला सांगितल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. आज शहरातल्या मुलांना ही गोष्ट ठाऊकसुद्धा नाही, याची मला मनापासून खंत आहे. सुरुवातीच्या काळातलं डकोटा, म्हणजे डीसी-३, मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये नोव्हेंबर २०२२ पासून मोफत मिळालं आहे. तेव्हा ही टपाल पुन्हा आणता येते.

दिल्लीहून येताना सातपुडा ओलांडावा लागतो. पचमढीचा धूपगड, सुमारे १३५० मीटर म्हणजे ४४०० फुटांच्या थोडा वर, वाटेच्या उजव्या हाताला तीसेक किलोमीटरवर राहतो. डोंगराळ भागात माथ्यावर २००० फूट मोकळे सोडायचे, म्हणजे रात्री साडेसहा हजार फुटांच्या खाली यायचं नाही. हे नकाशावर शोधून काढणारं मूल भूगोलही विसरणार नाही.

पहिलं गणित सोबत देते, येत्या रविवारी छापावं:

सोनेगावपासून सरळ रेषेत मुंबई ३७०, दिल्ली ४६०, मद्रास ४९० आणि कलकत्ता ५३० नॉटिकल मैल. डकोटाचा वेग १४५ नॉट. चारही विमानं रात्री बरोबर १२ वाजता सोनेगावला पोचायला हवीत. (अ) वारा नसेल तर प्रत्येकानं किती वाजता निघायचं? (आ) पश्चिमेकडून २० नॉटचा वारा असेल तर मुंबई आणि कलकत्त्याच्या निघण्याच्या वेळांतलं अंतर किती होईल? दोन्ही मार्ग सरळ पूर्व-पश्चिम धरावेत. (इ) नववी-दहावीसाठी: हाच वारा दिल्ली आणि मद्रासच्या विमानांना जवळजवळ आडवा लागतो. विमानाचं नाक किती अंश वळवून धरावं लागेल? आकृती काढून उत्तर द्या.

उत्तरं रीतीसह वेगळ्या कागदावर जोडली आहेत. ती त्याच अंकात छापू नयेत, पुढच्या आठवड्यात छापावीत.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर