कॅलेंडरच्या पाठीवरची यादी

आदरणीय सर,

हे पत्र सोसायटीतल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून मुद्दाम उघडं लिहितेय. पुढच्या वर्षी आणखी दोन-तीन घरांत हीच धांदल असणार.

लेकीला सीईटीत 94 पर्सेंटाइल मिळाले आणि 2025 च्या इंजिनीअरिंग प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची वेळ आली. एका काउन्सेलिंगवाल्यांनी पैसे घेऊन 40 पर्यायांची छापील यादी दिली होती, नुसती कटऑफच्या उतरत्या क्रमाने. ती घेऊन आम्ही तुमच्या दारात. तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलंत, तीन रंगीत पेन्सिली काढल्यात आणि तिलाच विचारलंत, "बाळा, तुला शिकायचंय काय?" तोवर आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

कटऑफमध्ये आम्ही 'जीओपन'चाच, म्हणजे सर्वसाधारण खुल्या जागांचाच, रकाना बघत बसलो होतो. मुलींचा 'एलओपन' वेगळा असतो, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. मग लाल पेन्सिलीने मिळायला अवघड, म्हणजे पुण्यातल्या सीओईपी आणि पीआयसीटी या कॉलेजांचं कॉम्प्युटर, निळ्याने जिथला कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या आसपास थांबला होता त्या शाखा, हिरव्याने हमखास मिळणाऱ्या.

लाल पर्याय यादीत वर ठेवले तर हातचं जाईल, ही माझी भीती. तुम्ही शांतपणे समजावलंत: तिचा मेरिट नंबर आला की यादी वरून खाली तपासतात, जिथे जागा असेल ती देतात, वर अवघड नाव असल्याने खालचं हुकत नाही. मात्र 2025 च्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला, तर तोच घ्यावा लागतो. म्हणून वरच्या सहांत मनाविरुद्धचं एकही नको. दोन नावं तिथेच खोडलीत.

यादीतलं आकुर्डीचं कॉलेज लांब म्हणून मी नाक मुरडलं होतं. तुम्ही तिला एकदा शिवाजीनगरहून सकाळच्या लोकलने जाऊन यायला लावलंत. दुपारी ती घामाघूम परतली आणि स्वतःच्या हाताने चौदाव्या क्रमांकावरचं आकुर्डी नवव्यावर आणलं.

तिसऱ्या फेरीत तेच मिळालं. चौथी फेरी बाकी होती, तरी तिने जागा पक्की केली. आता रोज डबा घेऊन आनंदाने लोकल गाठते.

सर, तुमचे उपकार शब्दांत मावणारे नाहीत. तुमची हिरवी पेन्सिल आमच्याकडेच राहिलीय. रविवारी लेक स्वतः आणून देईल, काकूंसाठी पुरणपोळ्याही घेऊन.

तुमच्या खालच्या मजल्यावरची,
तिची आई