डिग्जला घेतलंत, आता टॅकल घ्या

एडिसन, न्यू जर्सी
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

प्रिय सुन्या,

स. न. वि. वि. नव्या वर्षाच्या तुला, वहिनींना आणि दोन्ही पोरांना शुभेच्छा. सकाळी डेकच्या कठड्याला गुढी बांधली, वाऱ्याने दोनदा तिरकी केली, तिसऱ्यांदा प्लास्टिकच्या झिप टायने आवळली. श्रीखंड झालंय, डोळे मिटायला लागलेत, पण त्याआधी तुझा हिशोब मिटवतो.

मंगळवारी अमेरिकन फुटबॉलमधला रिसीव्हर (पळत जाऊन पास झेलणारा) स्टेफॉन डिग्ज तुमच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे येणार अशी बातमी आली आणि तू सात मेसेज ठोकलेस. शेवटच्यात विचारलंस, "आता तरी मान्य कर, आमचा ऑफेन्स (चेंडू हातात असतानाची फळी) सुधारला की नाही?" फोन केला असता तर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून लिहितोय. शांतपणे वाच, आणि अर्ध्यात सोडून उत्तर पाठवू नकोस.

आधी माझा अधिकार सांगतो. उतारवयाचे रिसीव्हर आणून बघण्यात आम्हा न्यूयॉर्क जेट्सवाल्यांएवढा तयारीचा माणूस अख्ख्या लीगमध्ये नाही. २००९ आणि २०१० असे लागोपाठ दोन सीझन आम्ही सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, उंबऱ्यापर्यंत गेलो होतो. मग २०११ मध्ये ब्रेलन एडवर्ड्स आणि जेरिको कॉचरी गेले आणि त्यांच्या जागी आले प्लॅक्सिको बरेस आणि डेरिक मेसन. बरेस चौतिशीचा, तुरुंगातून सुटून आलेला, दोन सीझन मैदानावर न उतरलेला. मेसन सदतीस वर्षांचा. बरेसने आठ टचडाउन केले, ते खोटं नाही. उंच माणूस, गोललाइनपाशी चेंडू वर टाकला की काढायचा. पण मैदानाच्या मधल्या भागात त्याचा उपयोग शून्य. मेसनला पाच मॅचनंतर ह्यूस्टनला देऊन टाकलं. सीझन ८-८, म्हणजे आठ जिंकल्या, आठ हरलो. त्यानंतर आजपर्यंत आम्ही प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही. सगळा दोष त्या दोघांचा नव्हता, पास फेकणारा आमचा क्वार्टरबॅक मार्क सँचेझ होताच. पण दर उन्हाळ्यात कुणीतरी मोठं नाव विकत घेतलं की आपलं भागेल, ही सवय आम्हाला तिथून लागली.

२०१५ चं उदाहरण तू देशील हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच देतो. शिकागोने ब्रँडन मार्शलला फुंकून टाकल्यासारखा ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांतल्या) पाचव्या राउंडच्या पिकवर, म्हणजे निवडीच्या हक्कावर, दिला. वय एकतीस, म्हणजे तुमच्या डिग्जचं आज आहे तेवढंच. त्याने १०९ झेल घेतले, १,५०२ यार्ड, १४ टचडाउन. झेल आणि यार्ड दोन्ही क्लबचे विक्रम. तेही रायन फिट्झपॅट्रिकसारख्या क्वार्टरबॅककडून! मी तेव्हा जर्सी सिटीत राहायचो आणि दर रविवारी शेजाऱ्यांच्या भिंती हादरवायचो. शेवटच्या आठवड्यात बफलोत जिंकलो असतो तर प्लेऑफच्या आत होतो. फिट्झपॅट्रिकने शेवटच्या क्वार्टरमध्ये तीन इंटरसेप्शन दिली, म्हणजे पास समोरच्यांच्या हातात घातले, २२-१७ हरलो, १०-६ असूनही बाहेर. पुढच्या वर्षी मार्शलचे यार्ड निम्म्यावर आले, टचडाउन तीन, आम्ही ५-११ आणि मार्शलला रामराम. एका सीझनपुरतं आम्हाला वाटलं की आपल्याकडे ऑफेन्स आहे.

आता गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. १४ तारखेला, सोमवारी रात्री, बफलोविरुद्धच्या मॅचला मी पोराला घेऊन गेलो होतो. सिकॉकसला गाडी बदलून आमच्या स्टेडियमला, मेडोलँड्सला उतरेपर्यंतच त्याची अर्धी थंडी भरली होती. २३-२० ने मागे, शेवटची काही मिनिटं, चेंडू आमच्याकडे, क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या हातात. समोर रिसीव्हर माईक विल्यम्स. हाही गुडघ्याचा लिगामेंट फाटल्यानंतर एका वर्षाच्या करारावर आणलेला, हे लक्षात ठेव. रॉजर्सने उजवीकडे लांब चेंडू सोडला आणि तो सरळ बफलोच्या टॅरन जॉन्सनकडे गेला. वरून बघताना असं वाटलं की त्याने मुद्दामच त्याला पास दिला. माझ्या शेजारचा माणूस क्वार्टरबॅकला शिव्या घालत उठला. मॅचनंतर रॉजर्स पत्रकारांसमोर म्हणाला की विल्यम्स रेड लाइनवर असायला हवा होता. बाजूच्या रेषेच्या आत काही यार्डांवर एक न दिसणारी रेघ असते बघ, लांब पळणाऱ्या रिसीव्हरने तिच्यावरूनच जायचं असतं. विल्यम्स तिथे नव्हता. तीन-चार यार्डांचा फरक असेल, त्यावर मॅच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिसीव्हर डव्हान्टे ॲडम्सला आणलं. तिसऱ्या राउंडचं पिक देऊन. आणि विल्यम्सला तीन आठवड्यांनी पिट्सबर्गला पाठवलं, तर तिथल्या पहिल्याच मॅचमध्ये त्याने वॉशिंग्टनविरुद्ध ३२ यार्डांचा, मॅच जिंकून देणारा टचडाउन झेलला. आमच्याकडे नऊ मॅचमध्ये मिळून त्याचे झेल किती, तर बारा. माणूस तोच, गुडघाही तोच.

ॲडम्सने काम चोख केलं. अकरा मॅच, ६७ झेल, ८५४ यार्ड, सात टचडाउन. कुणी नावं ठेवायला जागा नाही. तो आला तेव्हा आम्ही २-४ होतो आणि सीझन संपला ५-१२ वर. म्हणजे तो आल्यापासून तीन जिंकल्या, आठ हरलो. त्यातली एक तुमच्याकडे फॉक्सबरोला, २५-२२, तीही तुमचा क्वार्टरबॅक ड्रेक मे डोक्याला मार लागून बाहेर गेलेला असताना. त्या रात्री तू फोन केला नाहीस, फक्त एक हसरा चेहरा पाठवलास. विसरलो नाहीये.

सांगायचंय ते हे. तिशी ओलांडलेल्या रिसीव्हरकडून वेग विकत मिळत नाही, मिळते ती जागा. म्हणजे तो ठरलेल्या क्षणी ठरलेल्या ठिकाणी असतो. त्याला अडवणारा कॉर्नरबॅक कुठल्या पायावर भार देतोय ते त्याला कळतं, सुरक्षित मोकळी फट कुठे पडणार ते त्याला स्नॅपच्या (चेंडू खेळात यायच्या) आधी दिसतं. पण त्याची किंमत वसूल व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, क्वार्टरबॅकने तो वळायच्या आत चेंडू सोडायला हवा, इतका भरवसा हवा. दोन, चेंडू सोडेपर्यंत क्वार्टरबॅक उभा राहायला हवा. क्रिकेटमध्ये जुनी जोडी कॉल न देता एकेरी धाव चोरते ना, तसंच हे, आणि नव्या जोडीने तसं केलं तर धावचीत. रॉजर्स आणि ॲडम्स ग्रीन बेमध्ये आठ सीझन एकत्र खेळले होते, तरी ती जोडी आमची नाव तारू शकली नाही, कारण दुसरी अट आमच्याकडे नव्हती. एक्केचाळीस वर्षांच्या रॉजर्सला मागे पळवत नेणारे डिफेन्सवाले रोज भेटत होते.

तुझ्याच घरचे दाखले घे. २००७ मध्ये तुम्ही रँडी मॉसला ओकलंडकडून चौथ्या राउंडच्या पिकवर उचललं. तीस वर्षांचा, आधीच्या सीझनमध्ये ५५३ यार्ड, सगळे म्हणत होते संपला. त्याने २३ टचडाउन झेलले आणि जेरी राइसचा १९८७ चा विक्रम मोडला. तुम्ही १६-० गेलात (पुढच्या सुपर बोलचं बोलत नाही, पाडवा आहे). पण मागे क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी होता, आणि त्याच्यासमोर अडवणाऱ्यांची अशी लाइन होती की मॉस पन्नास यार्ड पळेपर्यंत तो निवांत उभा राहायचा. वेस वेलकर त्याच वर्षी आला, तो तरुण होता, त्याने मधला भाग सांभाळला.

आता त्याच क्लबचं २०११ बघ. चॅड ओचोसिंको. तेहतीस वर्षांचा, सिनसिनाटीत दहा वर्षं गाजवलेला. त्या वर्षी ब्रेडीने ५,२३५ यार्ड फेकले. त्यातले ओचोसिंकोच्या वाट्याला किती आले? २७६. पंधरा झेल. तुमच्या पद्धतीत रिसीव्हरला पळता पळता समोरचा डिफेन्स वाचून रूट (पळायची ठरलेली वाट) बदलावा लागतो, आणि क्वार्टरबॅकनेही त्याच क्षणी तोच विचार केलेला असावा लागतो. चॅडला ते जमलंच नाही. क्वार्टरबॅक जगातला सर्वोत्तम, लाइन चांगली, तरीही नाही. जोश मॅकडॅनियल्स तुमच्या ऑफेन्सचा प्रशिक्षक होऊन परत आलाय म्हणून तू नाचतोयस ना, जरा सबूर. पद्धत तीच जुनी आहे.

तुझा खरा हुकमाचा पत्ता बफलो आहे, आणि तो मी नाकारत नाही. २०२० मध्ये बफलो बिल्सनी डिग्जसाठी पहिल्या राउंडचं पिक मोजलं (त्या पिकवर मिनेसोटाने जस्टिन जेफरसन घेतला, म्हणजे त्या व्यवहारात रडायला कुणीच उरलं नाही). डिग्जने पहिल्याच वर्षी १२७ झेल आणि १,५३५ यार्ड, दोन्हींत लीगमध्ये पहिला. आणि त्यांचा क्वार्टरबॅक जोश ॲलन, ज्याचे शंभरातले जेमतेम ५९ पास आदल्या वर्षी लागत होते, तो ६९ वर गेला. तरुण क्वार्टरबॅकला चेंडू वेळेवर सोडायला शिकवणारा रिसीव्हर असतो, तो हा. पण तेव्हा डिग्ज सव्वीस वर्षांचा होता, गुडघे धडधाकट होते. आणि तो गेल्यावर, गेल्या सीझनमध्ये, ॲलन एकाही हजार यार्डवाल्या रिसीव्हरशिवाय १३-४ गेला आणि एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. ॲडम्स आमच्याकडे आला त्याच दिवशी बफलोने रिसीव्हर आमारी कूपर आणला होता. आठ मॅच, २९७ यार्ड. ते बिचारे कूपरमुळे जिंकले नाहीत की हरले नाहीत.

मग डिग्जला घ्यावं की नाही? घ्यावं. ऐकलंस ना? एकदाच म्हणेन. रिसीव्हर एडलमनच्या २०१९ नंतर तुमच्याकडे हजार यार्ड कुणी केले नाहीत. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त यार्ड टाइट एंडचे (अडवणारा आणि झेलणाराही), हंटर हेन्रीचे. दुसऱ्या राउंडमध्ये घेतलेला रिसीव्हर पोल्क बारा झेल आणि ८७ यार्ड. अशा पोरांच्या खोलीत रोज सकाळी लवकर येऊन पावलं मोजत रूट पळणारा एक माणूस हवाच. तुमच्या ड्रेकला चेंडू कुठे टाकायचा ते कळतं, पण तिथे कुणी पोचतच नव्हतं.

माझा आक्षेप दुसरा आहे. ६९ मिलियनचा आकडा ऐकून तुला वाटतंय काम झालं. हमीचे फक्त २६ आहेत, ते ठीक, तुमच्याकडे कॅपमध्ये (संघाच्या पगारमर्यादेत) ढिगाने पैसे पडलेत. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी लिगामेंट फाटलेला डिग्ज सप्टेंबरमध्ये उभा राहिला तरी थँक्सगिव्हिंगपर्यंत त्याच्या पायात जोर येणार नाही, विल्यम्सचं आम्ही जवळून पाहिलंय. पण त्याहून मोठी भानगड ड्रेक मेच्या डाव्या हाताला आहे. तिथे लेफ्ट टॅकल, म्हणजे त्या बाजूने धावून येणाऱ्याला अडवणारा, कोण? मॉर्गन मोझेस घेतलात तो उजवीकडचा, आणि तोही चौतीसचा. डिग्जचा रूट सुरेख होईल, तो बरोबर जागी वळेल, आणि मे तोवर पाठीवर पडलेला असेल. पुढच्या महिन्यात ड्राफ्टमध्ये तुमचं चौथं पिक आहे. तिथे भुलून कुणी चमकदार रिसीव्हर घेतलात तर मी तुला श्रीखंड कुरियरने पाठवीन. टॅकल घ्या. आणि दुसरा म्हातारा आता आणू नका, रिसीव्हर मॅक हॉलिन्स घेतलात तेवढं पुरे. ज्यूज्यू स्मिथ-शुस्टरला तीन वर्षांचा करार देऊन पहिल्या वर्षी २६० यार्ड मिळाले होते, ते आठव.

आमचं विचारू नकोस. ॲडम्स लॉस एंजेलिसला गेला, रॉजर्सला रजा दिली, क्वार्टरबॅक म्हणून जस्टिन फील्ड्स आलाय. रिसीव्हर गॅरेट विल्सन तेवढा आहे, आणि तो तरुण आहे. यंदा एकही जुनं नाव आणलं नाही तर मी सत्यनारायण घालीन.

पैज लावायची तर लाव: डिग्ज हजार यार्डांच्या आत राहील. हरलो तर बोस्टनला येऊन तुझ्या घरी पुरणपोळ्या लाटीन, वहिनींनी फक्त पुरण शिजवून ठेवावं. वेळापत्रक मे महिन्यात येईल. आपल्या दोन मॅच ठरलेल्याच. मेडोलँड्सची तिकिटं मी काढतो, तू ट्रेनने ये, पार्किंगचे पैसे ऐकशील तर परत जाशील. निळी जर्सी घालून आलास तरी चालेल, पोरगा तुझ्याशेजारी बसायला तयार आहे, मी नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव, फिजिओथेरपीचा पत्ता मी विचारून ठेवलाय.

तुझा,
पक्या