अवकाळीचा अंदाज तालुकावार छापा

महोदय,

चैत्र-वैशाखात ढग जमले की 'नाशिक जिल्ह्यात यलो अलर्ट' एवढीच ओळ छापून येते. सुरगाण्याचे डोंगर आणि येवल्याचं माळरान एकाच जिल्ह्यात आहेत; या एका ओळीतून दोघांनी काय समजायचं? या दिवसांत उन्हाळ कांदा काढून शेतात पडलेला असतो. पात सुकेपर्यंत तो साठवणीच्या कांदाचाळीत टाकता येत नाही, आणि भिजलेला टाकला तर सडतो. तिकडे सांगली जिल्ह्यातल्या तासगावात शेडवर बेदाणा वाळत असतो. पाऊस लागला की तो काळवंडतो, भाव पडतो.

हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. शुक्रवारचा सल्ला शनिवारच्या अंकात पहिल्या पानावर, तालुक्यांच्या नावांसह द्यावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा, हेही सोबत छापावं. वळवाचे ढग दुपारनंतर बघता बघता उभे राहतात. त्यामुळे विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'दामिनी' अॅपचा उल्लेख हवाच. झाडाखाली आडोसा घेणाऱ्या मजुरांना आणि गुराख्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे.

– एक कांदा उत्पादक, निफाड