हेलसिंकीचा मे आणि तुझी डेडलाइन

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, ऊन पडलं की टेबलाशी बसवत नाही आणि बाहेर पडलं की राहिलेलं काम पाठ सोडत नाही. मी नुसता हुंकार भरला. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे, शिवाय तुझी मीटिंग होती आणि इकडे आईचा कुकर. म्हणून लिहितो. लांबलं तर दोन बैठकांत वाच.

हे तुझ्या एकटीच्याच नशिबी आलंय, असं आधी डोक्यातून काढ. तिकडे फिनलंडात जुलै म्हणजे सुट्टीचा महिना. माणसं सलग तीन-चार आठवडे रजेवर जातात, ऑफिसं ओस पडतात आणि कुणाला त्यात काही गैर वाटत नाही. त्यामुळे जे संपवायचं ते युहान्नुसच्या, त्यांच्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या आत, म्हणजे २० ते २६ जूनमध्ये जो शनिवार येईल त्याच्या आत. तिथून मागे मोजत आलीस तर मे आणि अर्ध्याहून थोडा जास्त जून हातात उरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो देश लांबलचक हिवाळ्यातून बाहेर येत असतो. कामाचा हंगाम आणि वसंत एकमेकांच्या अंगावर येतात ते या सुट्टीमुळे. तुझ्या आळसाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि तुझ्या प्रोड्यूसरच्या दुष्टपणाचाही फारसा नसावा.

आमच्या चित्रांच्या धंद्यात हेच दिवाळी अंकांनी केलं. अंक दिवाळीला स्टॉलवर हवा, म्हणजे चित्रं जुलै ते सप्टेंबरात हवीत. सह्याद्री बघण्यासारखा असतो तेव्हाच मी वर्षानुवर्षं पेठेत मान खाली घालून खिडकीत उभी असलेली बाई काढत बसलो. (कथा कुठलीही असो, संपादकांना खिडकीत उभी असलेली बाई लागायची.) मित्र राजगडावरून, हरिश्चंद्रगडावरून भिजून यायचे आणि मला वर्णनं ऐकवायचे. त्यातून मी एवढंच ठरवून टाकलं की मोठा ट्रेक दिवाळीनंतर, आणि पावसाळ्यात रोज सकाळी वेताळ टेकडी. पाऊस असो नसो, चित्र राहिलेलं असो, टेकडी व्हायचीच. नऊला टेबलाशी.

आता बाबा टेकडीचं कौतुक लावणार, असं वाटलं असेल. ते नाही. मला सांगायचंय तुझ्याकडच्या वसंताबद्दल. गेल्या वर्षी मी आलो तेव्हा तू दिवसभर ऑफिसात असायचीस आणि मी रिकामटेकडा तो जवळून बघत होतो.

तो एकदम येत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला तर हा वसंत आहे असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं. हिवाळ्यात घसरू नये म्हणून फुटपाथवर टाकलेली बारीक खडी उघडी पडलेली, ती झाडणाऱ्या गाड्या फिरतायत आणि गावभर धूळ. एवढी धूळ खायला पुण्याहून यायची काय गरज होती, असं मी तुला म्हणालो होतो. मग रस्त्याकडेच्या मातीतून, पानाचा पत्ता नाही आणि थेट पिवळं फूल, ती लेस्केनलेह्ती. एप्रिल सरत आला की झाडांखालच्या वाळक्या पाचोळ्यातून निळी सिनिवुओक्को. मे उजाडला की पांढरी वाल्कोवुओक्को, ती इतकी की जमीन दिसत नाही. मेच्या दुसऱ्या रविवारी तिकडचा मातृदिन, तेव्हा पोरं तीच तोडून आईला देतात. त्याच सुमाराला बर्चला पालवी. मेअखेरीस तुओमीच्या झाडांना पांढरा बहर, त्याचा वास इतका जड की खालून जाताना डोकं धरतं. मग जूनमध्ये लायलॅक. प्रत्येकाचा मुक्काम आठवडा-दोन आठवडे, की पुढचा हजर.

म्हणून मला तुझा तो 'रविवारी दिवसभर नूक्सियो' हा बेत पटत नाही. आठवडाभर कोंडून घ्यायचं आणि रविवारी बस पकडून जंगलात सगळं वसूल करायला जायचं. दर वेळी मधलं काहीतरी होऊन गेलेलं असणार, त्याची हळहळ घेऊन परत येशील आणि सोमवारी पाय दुखतायत म्हणून कामही धड होणार नाही. नूक्सियो कुठे पळून जात नाही. ते १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, जुलैतही असेल. मेमध्ये घराजवळचं रोज बघ. रोज पाऊण तास. म्हणजे काल कळी होती ती आज उमलली एवढं तरी तुझ्या डोळ्यांदेखत होईल.

आणि तुला जवळ काय आहे बघ! आराबिया भागातल्या त्या जुन्या चिनीमातीच्या कारखान्याकडून खाली उतरलं की खाडी. १५५० मध्ये स्वीडनच्या राजानं, गुस्ताव वासानं, हेलसिंकी वसवलं ते इथंच, वान्ता नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी. नंतर १६४० मध्ये गाव दक्षिणेला हललं आणि ही बाजू मागे राहिली, ती आता पक्ष्यांना मिळाली आहे. तिथून लाम्मासारीकडे जाणारी ती लाकडी फळ्यांची वाट आठवते ना, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गवत, आपल्याकडे ज्याच्या बोरूच्या लेखण्या करायचे तसलं? त्या गवतात बिटर्न नावाचा बगळ्याच्या कुळातला पक्षी लपून बसतो आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा घुमतो. दिसत मात्र नाही. मी पुष्कळ वाट पाहिली.

त्याच वाटेवर मी एकदा जलरंगात खाडी काढायला बसलो होतो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकला आणि तो वाळेचना. पुण्यात मेमध्ये ब्रश उचलायच्या आत कागद कोरडा होतो, कडा पडतात, कागदाशी शर्यत लावून काम करावं लागतं. तिथं गारठ्यात कागद नुसता चकचकत पडलेला. खालच्या गवताचा तपकिरी लावायला गेलो तर तो आकाशात चढायला लागला. उठलो, पक्षी बघायच्या मनोऱ्यावर जाऊन आलो, बोटाच्या मागच्या बाजूनं हात लावून पाहिला, अजून थंडगार, म्हणजे ओलाच. शेवटी पॅड तिरकं धरलं आणि तपकिरी आपोआप जिथं जाईल तिथं जाऊ दिला. आईनं ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय. लोकांना ते पंढरपूर वाटतं.

पण तू रंग नेऊ नकोस. मी निवृत्त माणूस, माझं चालतं. तुझं कामच चित्राचं असल्यामुळे तुला झाड दिसलं की तो 'रेफरन्स' होतो. ढग दिसला की फोन निघतो. बर्चच्या सालीचे चार फोटो काढून घरी येतेस आणि म्हणतेस, फिरून आले. अगं, तू ऑफिसचंच काम बाहेर नेऊन करून आलीस, तेही बिनपगारी. माझ्या मते तुझी खरी अडचण वेळेची नाहीच, ही आहे. पाऊण तास फोन खिशात ठेव. साल हातानं चाचप, कागदासारखी सुटते ती, आणि सोडून दे.

यावर तू तिकडच्या त्या संगीतकाराचं, सिबेलियसचं नाव काढशील, कारण तुझ्या टीममधल्या त्या मुलानं मलाही ते ऐकवलं होतं. गोष्ट खरी आहे. २१ एप्रिल १९१५ ला, अकराला दहा मिनिटं असताना त्याला १६ हंस दिसले, त्यानं ते डायरीत लिहून ठेवलं, आयुष्यातल्या मोठ्या अनुभवांपैकी एक म्हणून. पाचव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागातली ती झुलणारी चाल त्या हंसांशी जोडली गेली ती कायमची. (तुझ्याकडे फिनलंडचं एक युरोचं नाणं असेल तर बघ, त्यावरही दोन हंस उडतायत.) आता या गोष्टीचा उरलेला भाग, जो ती सांगणारे गाळतात. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, ती सिम्फनी हेलसिंकीत वाजली. त्याचं समाधान झालं नाही. १९१६ मध्ये त्यानं ती बदलली. तरी नाही. आज आपण ऐकतो ती १९१९ मध्ये तयार झाली. हंस जेमतेम काही मिनिटं दिसले असतील, पुढची चार वर्षं टेबलाशी गेली. तेव्हा लाम्मासारीला जाऊन काही सुचलं नाही म्हणून हिरमुसून येऊ नकोस. सुचलं तर घरी आल्यावरही आठवेल.

दिवसाचं म्हणशील तर, रंगाचे निर्णय सकाळी घे, डोळा ताजा असताना. दुपारी लेयर्स, फायलींची नावं, मेल, जे काय डोळा थकला तरी होतं ते. (तिकडे अकरा वाजता जेवायला बसतात हे मला शेवटपर्यंत झेपलं नाही. दोनला परत भूक.) चार-साडेचारला बाहेर. आणि आल्यावर स्क्रीन उघडायचा नाही. इथं मेख आहे ती उजेडाची. मी जन्मभर खिडकीच्या उजेडात रंग लावले. उजेड गेला की ब्रश धुवायचे, कारण ट्यूबलाइटखाली लावलेला पिवळा सकाळी भलताच निघतो. सूर्य मावळला की काम बंद, मालक तोच. तुझ्याकडे डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो आणि १ मेपर्यंत तो जवळपास सोळा तासांचा होतो. रात्री नऊला ऊन असतं. दिवस संपला हे कुणी सांगतच नाही, म्हणून तू जेवून पुन्हा बसतेस आणि साडेअकराला मला 'अजून काम करतेय' असा मेसेज येतो. इकडे तेव्हा दोन वाजलेले असतात, मी पाणी प्यायला उठलेला असतो म्हणून दिसतो. तुझ्या खिडकीच्या दोन काचांमधल्या त्या पट्ट्या झोपेच्या कामाच्या नाहीत, कडेनं उजेड गळतो. जाड काळा पडदा घे. पैसे मी देतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत हे सगळं मोडणार, मला माहीत आहे. मोडू दे. पाऊण तासाची वीस मिनिटं कर, पण बंद करू नकोस.

आणि काही ऊन वाया जाऊ दे. पहिलं ऊन पडलं की त्या गावात माणसं भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, तोंड वर करून उभी राहतात. वाप्पूला, त्यांच्या १ मेच्या सणाला, तू मला काइवोपुइस्तोच्या बागेत नेलंस, तिथं ओल्या गवतावर चादरी, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, वारा असा की कान सुन्न, आणि लोक मजेत सिमा, ते लिंबाचं आंबवलेलं गोड पेय, पितायत. तू घरी केलेली सिमा छान झाली होती. मनुके वर तरंगायला लागले की झाली, हे मला फार आवडलं, घड्याळ लावायला नको. त्या लोकांना उन्हाचा एकही तास सोडवत नाही हे मी समजू शकतो, त्यांनी अख्खा हिवाळा काढलेला असतो. पण ते ओझं तू घेऊ नकोस. ऑफिसात सगळे टेरेसवर गेले आणि तुझं एक पार्श्वभूमीचं चित्र ऐन रंगात आलं असेल, तर बसून राहा. उद्या पुन्हा ऊन पडेल, आणि नाही पडलं तर पावसात जा, तू पुण्याची आहेस.

आता बापाचं काम. गवतातून आलीस की गोचीड बघ. गुडघ्याच्या मागे, काखेत, कानामागे, केसांत. पारा पाच डिग्रीच्या वर गेला की त्या हलायला लागतात, म्हणजे एप्रिलपासूनच. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस मिळते ती घे. दुसरा आजार, बोरेलिओसिस, त्याला लस नाही, म्हणून चावल्या जागी पुढच्या काही आठवड्यांत लाल कडं पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जा, फोटो मला पाठवून काही उपयोग नाही. आणि किनाऱ्यावर जाताना जाकीट. समुद्र अजून गार असतो, आत गावात पंधरा डिग्री असेल तेव्हा खाडीवर पाच-सात कमीच धर.

जुलैत चार आठवडे मिळतायत तर इकडे ये, असा आईचा आग्रह आहे. माझं मत वेगळं आहे. जुलैत पुण्यात चिखल आणि ट्रॅफिक, आणि तिकडे वर्षातला सगळ्यात चांगला महिना. रजेतले दोन आठवडे तिकडेच काढ, नूक्सियोला तंबू टाकून राहा, काय करायचं ते कर, उरलेले दिवाळीसाठी ठेवता येतात का ते ऑफिसात विचार. तिकीट लवकर काढ. आईला हे तू तुझ्या तोंडानं सांग, मी सुचवलं म्हणू नकोस.

तुझा,
बाबा