चेनिनचा गोडवा वेलीवरचा नव्हे, टाकीतला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

द्राक्षांचा हंगाम आला की वाइनच्या बातम्यांत ‘चेनिन ब्लां ही गोड वाइन’ हे वाक्य हमखास भेटते. दुकानदारही तेच सांगतो. पण चेनिन हे वाणाचे नाव आहे, चवीचे नव्हे. या एकाच पांढऱ्या द्राक्षापासून अगदी ड्राय (साखर जवळपास न उरलेली), किंचित गोड, पाकासारखी गोड आणि फसफसणारी अशा चारही तऱ्हांच्या वाइन होतात. ती गोड असावी की नाही, हे बहुधा वाइनरीतल्या टाकीपाशी ठरते. म्हणून वाण ओळखायचा तर साखर बाजूला ठेवून आधी आंबटपणा चाखावा.

हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातले. तिथल्या वूव्रे गावच्या वाइनच्या बाटलीवर ‘सेक’ दिसले तर ड्राय, ‘दमी-सेक’ म्हणजे अर्धगोड आणि ‘म्वेलो’ म्हणजे गोड. दक्षिण आफ्रिकेत ते पिढ्यान्‌पिढ्या ‘स्टीन’ नावाने वाढले. स्टीन म्हणजेच चेनिन, हे नक्की झाले १९६० च्या दशकात. आज चेनिनचे सर्वाधिक क्षेत्र तिथेच आहे. नाशिकमध्ये सुला या वाइनरीची लागवड १९९७ सालची आणि पहिल्या बाटल्या २००० सालच्या. त्यांत सोव्हिन्यों ब्लां या दुसऱ्या पांढऱ्या वाणाबरोबर चेनिन होते. उच्चाराची मात्र गंमतच आहे. फ्रेंच माणूस ‘शनँ’च्या जवळपास काहीतरी म्हणतो, आपला बागायतदार सरळ ‘चेनिन’ म्हणतो, आणि दोघांचेही काही अडत नाही.

लुआर आणि नाशिक यांतला खरा फरक आहे हंगामाच्या दिशेचा. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्ष पिकते तेव्हा दिवस थंडीकडे झुकत असतात. आपल्याकडे गोडी (फळासाठीची) छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि काढणी बहुतेक फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे मणी पिकतो तसतसे ऊन चढत जाते. द्राक्षात मुख्य आम्ले दोन, टार्टरिक आणि मॅलिक. यातले मॅलिक मणी श्वसनात खर्च करतो आणि उष्णता वाढली की हा खर्च वाढतो. टार्टरिक बऱ्यापैकी टिकते. त्यामुळे ‘अजून आठ दिवस थांबू, ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) वाढेल’ असे म्हणताना साखर वाढते खरी, पण चेनिनचा कणाच, म्हणजे आंबटपणा, मोडतो.

यासाठी नुसता साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर पुरत नाही. बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून, वेलीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरून आणि शेंड्यावरून मिळून दोनेकशे मणी घ्यावेत, एकत्र चुरडून गाळावेत आणि ब्रिक्स, एकूण आम्लता व पीएच (हा जितका कमी तितका आंबटपणा तीव्र) तिन्ही मोजावेत. चेनिनचा घड एकसारखा पिकत नाही, म्हणून केवळ खांद्यावरचे गोड मणी तपासणारा हमखास फसतो. ड्राय वाइनसाठी २१ ते २२.५ ब्रिक्स, लिटरला साडेसहा-सात ग्रॅम आम्लता आणि ३.२ ते ३.४ पीएच जमले की कात्री काढावी. फसफसणाऱ्या वाइनला १८-१९ ब्रिक्सलाच काढणी करतात. मणी तोंडात टाकून बी पाहावी: हिरवी असेल तर घाई झाली, तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली तर पक्वता आली. पीएच वर गेल्यास टार्टरिक घालता येते, लिटरला एक ग्रॅमने तो साधारण ०.१ उतरतो. पण नंतर घातलेला आंबटपणा जिभेवर वेगळा उभा राहतो, हे चाखणाऱ्याला कळते.

बागेतली दुसरी अडचण म्हणजे घट्ट घड. खाण्याच्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षासारखे घड जीएत (जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात) बुडवून मणी फुगवायचा नसतो. लहान, बियांचा मणीच हवा. तरी घड इतका गच्च भरतो की मण्यांमधून सुतळीही जाणार नाही. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर मणी पाणी पितात, एकमेकांना रेटतात, देठापाशी फाटतात आणि घड आतून कुजू लागतो. बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. भुरीही याच आडोशात बसते. घडाजवळची सकाळच्या उन्हाकडची पाने काढली की दव लवकर सुकते. दुपारच्या बाजूची मात्र राखावीत, नाहीतर मण्यांवर उन्हाचे तपकिरी डाग पडतात. वेल जोमदार आहे, लोभ धराल तर भरपूर माल देते. पण एकरी चार-पाच टनांवर थांबले नाही तर रस पाणचट होतो.

आता गोडव्याचे. पहाटे तोडलेले घड थंड असतानाच दाबून रस काढतात, आठ-दहा अंशांना दिवसभर निवळू देतात आणि १४ ते १६ अंशांना दोन-तीन आठवडे आंबवतात. यीस्टला नत्र कमी पडले तर सडक्या अंड्याचा वास येतो. सगळी साखर संपू दिली तर वाइन ड्राय. लिटरला १०-२० ग्रॅम उरली असताना टाकी चार-पाच अंशांवर आणली, यीस्टला आवरणारे सल्फर दिले आणि बारीक फिल्टरमधून यीस्ट गाळून टाकले, तर ती किंचित गोड. गाळण कच्ची राहिली तर बाटलीत पुन्हा आंबते आणि बूच वर सरकते. लिटरला १५ ग्रॅम म्हणजे दीडशे मिलीच्या पेल्यात सव्वादोन ग्रॅम, फार तर अर्धा चमचा साखर. एवढ्यावर ‘गोड वाइन’ हा शिक्का बसला आहे.

पिणाऱ्याने काय करावे? एक ड्राय आणि एक किंचित गोड चेनिन शेजारी ठेवावी, पेला एक तृतीयांशच भरावा. नाशिकच्या चेनिनमध्ये बहुधा पेरू, खरबूज, अननस सापडतो; लुआरच्या जुन्या बाटलीत मध, सफरचंद आणि चक्क पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास. हा दोष नव्हे, या वाणाची खूण आहे. घोट गिळल्यावर गालांच्या आत पाणी सुटते का, ते पाहावे. दोन्ही पेल्यांत सुटले तर आंबटपणा जागेवर आहे, मग साखर कितीही असो. फ्रीजमधून काढल्या काढल्या चार अंशांना चाखले तर वास येतच नाही. दहा-पंधरा मिनिटे थांबून आठ-दहा अंशांना प्यावी. ड्राय चेनिनसोबत रवा लावून तळलेले बोंबील किंवा कोथिंबीर वडी, कारण आंबटपणा तेल कापतो. तिखट रश्श्यासोबत किंचित गोड बरी.

घेताना लेबलावरचे साल बघावे. नाशिकची साधी चेनिन एक-दोन वर्षांत संपवायची असते, लुआरच्या चांगल्या बाटल्यांसारखी दशके ठेवायची नव्हे. आणि साल एकच असले तरी आपले द्राक्ष फ्रेंच द्राक्षाच्या सहा-सात महिने आधी तोडलेले असते. वर्षभराच्या वाइनचा रंग गडद सोनेरी झाला असेल आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येत असेल, तर बाटली दुकानाच्या उन्हात उभी राहिली आहे, परत करावी. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. त्यानंतर ती मासे मुरवायला वापरावी.

आपला,
एक वाचक, दिंडोरी (जि. नाशिक)