आरसा दुमडून गाडी चालवू नका, आणि लगेच नवा सेटही घेऊ नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कापूस घरात यायला लागला की माझ्या काउंटरवर तुटके आरसे यायला लागतात. दारव्हा तालुक्यात माझं ऑटो पार्ट्सचं लहानसं दुकान आहे. सासऱ्यांनी ते ट्रॅक्टरच्या सामानासाठी काढलं होतं, आता मी कारचंही सामान ठेवते. पावसाळ्यात वायपर, बल्ब, ब्रेकचे लायनर असं चालतं. दिवाळीच्या आसपास मात्र आरसे. कोणी आरशाचं डबडं (काच बसते ते प्लास्टिकचं घर) पिशवीत घालून आणतो, कोणी नुसती काच वर्तमानपत्रात गुंडाळून (पुष्कळदा आपल्याच), कोणी गाडी दुकानासमोर लावून दारावर वायरला लोंबणारा आरसा दाखवतो.

कारण या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. गावरस्त्याची डांबरी पट्टी एका गाडीपुरती. समोरून ट्रॅक्टर येतो, ट्रॉलीत कापूस, त्यावर ताडपत्री, आणि दोन्ही बाजूंनी माल फाळक्यांच्या बाहेर फुगलेला. कारवाल्याने डावी चाकं खाली उतरवायची. तिथे वेडी बाभूळ उभीच असते, पावसाळाभर रस्त्याकडे वाढलेली. उजवा आरसा ट्रॉलीने नेला नाही तर डावा बाभळीने नेला. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, भरलेल्या बैलबंड्यांचा मान उन्हाळ्याच्या तोंडावर. शिवाय आमच्याकडे काळतोंडी वानरं आहेत. अंगणात उभ्या गाडीच्या आरशात वानराला दुसरं वानर दिसतं आणि मग त्या दोघांच्या भांडणात काच जाते. यावर उपाय सोपा आहे: गाडी उभी केली की आरसा दुमडा आणि वर जुना मोजा चढवा.

दुमडायचा तो गाडी उभी असताना. आमचे लोक उलट करतात. आरसा ढिला झाला, वाऱ्याने फडफडायला लागला, की दाराला चिकटवून दुमडून टाकतात आणि तसेच यवतमाळपर्यंत जाऊन येतात. डाव्या आरशाची तर किंमतच नाही. "डावा आरसा कायले पायजे बाई, मी त मान वळवून पायतो," हे मी दर हंगामात ऐकते. सांगणारा बहुतेक जुना ड्रायव्हर असतो. त्याचंही खरं आहे, पूर्वीच्या कितीतरी लहान गाड्यांना डावीकडे आरसा येतच नसे, तो बाजारातून बसवून घ्यावा लागे. त्यामुळे हात बसला तो एकाच आरशावर. पण तेव्हा डावीकडून घुसणाऱ्या मोटारसायकली एवढ्या नव्हत्या. आता पट्टी सोडून खाली उतरताना डावीकडे शाळा सुटलेली पोरं असतात, बकऱ्या असतात, सायकलवर दुधाचे कॅन असतात. आणि खालून पुन्हा डांबरावर चढताना मागून कोण येतंय ते उजव्या आरशातच दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आरशाची अट आहे ती पोलिसाला दाखवण्यासाठी नाही.

दुसरे लोक आहेत ते लगेच नवा सेट, म्हणजे डबड्यासकट अख्खा आरसा, मागणारे. दुकानदार म्हणून मला हे आवडायला हवं. लहान गाडीची सुटी काच माझ्याकडे १५०-२०० रुपयांत पडते, पूर्ण सेट ८०० पासून १५०० पर्यंत जातो, आणि मोटर व इंडिकेटरवाला आरसा असला तर ४-५ हजारांच्या पुढे. नफा कशात आहे हे सांगायला नको. तरीही लिहिते, कारण नव्या सेटची गरज नसताना सेट घेणारे मी रोज पाहते, आणि त्यातले निम्मे ते पैसे खताच्या उधारीतून काढतात.

"आरसा निघाला" म्हणून येणाऱ्याला मी आधी एकच करायला सांगते: डबडं धरून हळूच हलवा. नुसती काच हलते, दुमडायचा सांधा हलतो, का आरसा ज्यावर बसलाय ती दारावरची बैठकच हलते? त्यावरून खर्च ठरतो.

बैठक हलत असेल तर पैसा जवळपास लागतच नाही. खडीच्या रस्त्याने आणि पांदणीने नट सैल झालेले असतात, एवढंच. बहुतेक गाड्यांत दाराच्या आतल्या बाजूला, काचेच्या पुढच्या कोपऱ्यात एक त्रिकोणी प्लास्टिकचं झाकण असतं. चपट्या स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून ते अलगद उचकटायचं. आतून दांडीने फिरणारा आरसा असेल तर आधी त्या दांडीचं रबर ओढून काढावं लागतं. मोटरचा असेल तर मागे प्लग असतो, त्याची वायर ओढू नये, खटका दाबून प्लग सोडवावा. झाकणाखाली साधारण तीन स्क्रू किंवा दहा नंबरचे नट दिसतात. पाना लावण्याआधी खालच्या पोकळीत एक चिंधी कोंबून ठेवा. ही चिंधी विसरली की नट दारात पडतो, मग तो काढायला दाराचं आख्खं पॅनल उघडावं लागतं, किंवा न काढता तो दर खड्ड्याला वाजत राहतो. अशा वाजणाऱ्या दारांचे मालक मला आवाजावरून ओळखू येतात. तिन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे, एकच जोर लावून नाही. खालचं प्लास्टिक तडकतं. पुन्हा सैल होत असतील तर स्प्रिंग वॉशर घाला किंवा नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट घ्या.

दुमडायचा सांधा सैल असेल तर मात्र घरी हात लावू नका असं माझं मत. आत दाबून बसवलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर तोंडावर येते. मिस्त्रीकडे जाईपर्यंत सायकलच्या ट्यूबची पट्टी सांध्याच्या फटीत कोंबून दिवस निघतो, पण दिवसच. ते कायमचं काम नाही.

सगळ्यात जास्त येते ती काच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, काळं डबडं त्याहून तापतं, आणि काचेमागची दोन्हीकडून चिकटणारी पट्टी मऊ पडते. तेव्हा काच पडत नाही, खाली सरकते. पडते ती पुढे थंडीत एखाद्या गचक्याला. काच शाबूत असेल तर ती बहुधा परत बसते. काही गाड्यांत ती मागच्या पाटीसकट खटक्यांवर बसवलेली असते. तिथे गोंद लागतच नाही, फडकं ठेवून तळहाताने मध्यभागी दाबायचं, खट् आवाज आला की झालं. कडेला दाबलं तर तडा जातो. जिथे काच पाटीवरून सुटलेली असते तिथे जुनी पट्टी पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसून, सिलिकॉनचे चार-पाच ठिपके देऊन काच चिकटवायची, वरून कागदी टेप आडवी-उभी लावायची आणि रात्रभर गाडी हलवायची नाही. पूर्ण सुकायला एक दिवस धरा. सिलिकॉन घेताना ट्यूबवर "न्यूट्रल" लिहिलंय का बघा. ज्या ट्यूबला आंबट वास येतो त्यातलं आम्ल आरशामागचा चंदेरी थर खातं आणि काच कडेने काळी पडत येते.

आता फेविक्विक. माझ्याकडे सगळ्यात जास्त मागितली जाणारी "दुरुस्ती" तीच. "ताई, एक फेविक्विक द्या, आरसा चिपकवतो." मी देते, ती काही बंदी घातलेली वस्तू नाही, पण सांगतेही: ती सुकली की कडक होते, हादरा सोसत नाही, आणि तिच्या वाफेने काचेवर पांढुरका डाग धरतो. चप्पल चिकटवायला ठीक आहे.

काच फुटलीच असेल तर लोक तालुक्याच्या फोटो फ्रेमवाल्याकडून साधा आरसा कापून आणतात. दिसायला हुबेहूब बसतो. फरक असा की गाडीची मूळ काच बहुधा किंचित फुगीर असते. त्यामुळे मागचा जास्त रस्ता दिसतो, वस्तू मात्र आहेत त्यापेक्षा लांब वाटतात. कित्येक आरशांवर तसं इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. सपाट काचेत वस्तू खऱ्या आकाराची दिसते, पण बाजूची मोटारसायकल दिसतच नाही. एका दाराला फुगीर आणि दुसऱ्याला सपाट असेल तर अंदाज आणखी चुकतो. १५० रुपये वाचवायची ही जागा नाही.

डबडंच फुटलं असेल तर आधी ते उलटं करून आतल्या बाजूला बघा. बारीक अक्षरात एबीएस किंवा पीपी असं कोरलेलं असतं, ही प्लास्टिकची जात. एबीएस असेल तर आतून पॉलिश पेपरने घासून एम-सील भरा, बाहेरून नको. रात्रभर ठेवलं की दगड होतं. पीपीवर कुठलाच साधा गोंद धरत नाही, मिस्त्री कितीही शपथ घेवो. त्याला माझ्या नवऱ्याची पद्धत आहे: तड्याच्या दोन्ही बाजूंना तापल्या खिळ्याने बारीक भोकं पाडायची आणि केबल टायने गोधडीसारखं शिवून काढायचं. दिसतं विचित्र. पण आमच्या शेताची पिकअप त्यावर बाजार समितीत जाऊन-येऊन आहे आणि आरसा जागचा हलत नाही.

काम झालं की आरशाला बांधलेला काळा गोंडा तेवढा सोडून आत लटकवा. तो वाऱ्याने सारखा आरशाला ओढत असतो. नजर आतूनही लागत नाही.

आता तक्रार, जिच्यासाठी आपली जागा मागते आहे. सुटी काच मिळत नाही. बऱ्याच गाड्यांच्या काचेला कंपनीच्या यादीत स्वतंत्र नंबर असतो, म्हणजे ती तयार होते. पण जिल्ह्याच्या ठिकाणचा घाऊक विक्रेता मला सांगतो, "सुटी येत नाही, सेट न्या." जुन्या, जास्त खपलेल्या गाड्यांच्या काचा मी कशाबशा जमवते, नव्या गाड्यांचं नाव काढलं की सेट. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" हे पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्यासोबत मोटारगाड्याही त्यात धरल्या आहेत. हेतू चांगला. पण दारव्ह्यातल्या माणसाला पोर्टलवर माहिती नको, काउंटरवर काच हवी. कंपन्यांनी तालुक्यापर्यंत निदान डावी-उजवी सुटी काच पोचवावी, आणि आपल्या वाचकांनीही दुकानात गेल्यावर आधी काचच मागावी. मागणी झाली नाही तर माल येत नाही, हे मी दुकानदार म्हणून सांगते.

रस्त्याबद्दल थोडक्यात. माल गाडीच्या बाजूंच्या बाहेर काढून वाहिला तर मोटार वाहन कायद्यात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, २०,००० रुपये दंड आहे. कापसाच्या ट्रॉलीवर तो लावा असं मी म्हणणार नाही. ट्रॉली का फुगते ते मला माहीत आहे. डिझेलच्या भावात दोन फेऱ्या कोणाला परवडत नाहीत. पण बाभूळ तोडायला कोणाचा तोटा आहे? सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद यांचे रस्ते वेगवेगळे, म्हणून काठावरची झुडपं कोणाची यावर पत्रव्यवहार होतो आणि झुडपं वाढतात. पाऊस थांबल्यावर, कापूस बाजारात निघण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या आत, दोन्ही बाजूंची बाभूळ एकदा बुंध्यापासून काढली तर कारवाल्याला खाली उतरायला जागा होईल. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात फलक लावतात, तोवर अर्धा हंगाम संपलेला असतो. यंदा हे काम वेळेत निघावं म्हणून आमच्या गावातून ग्रामपंचायतीकडे अर्ज जातो आहे. आजूबाजूच्या गावांनीही आपापला द्यावा, म्हणजे एकाच जेसीबीत भागेल.

कळावे,
आपली एक वाचक,
ऑटो पार्ट्स दुकानदार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ